उलटा फेरा

दर मे महिन्यात सायकल क्लबचा डोंगरफेरा इदवालच आखायचा. शाळा त्याने पंधराव्या वर्षी सोडली, धंदा मेंढ्या कातरायचा, पण त्या खोऱ्यातला एकेक चढ त्याच्या पायांना पाठ. जोडीला त्याचा मित्र गेथिन असायचा. गेल्या ऑगस्टमध्ये चॅपलच्या उतारावर, गुरं अडवायला रस्त्यातच बसवलेल्या लोखंडी जाळीवरून गेथिनची सायकल घसरली आणि तो जागीच गेला. तेव्हापासून इदवाल एकदाही रडला नव्हता. कातरायचा, जेवायचा, झोपायचा.

आता गावच्या हॉलमध्ये तो नकाशा पसरून बसला होता. चहा करणाऱ्या मेरेरिदमावशीने कप ठेवला.

"तो डोंगर यंदा गाळ रे. ने सगळ्यांना नदीकाठाने."

"नदीकाठाने? मग बाबागाड्याच आणायला सांगतो सगळ्यांना."

"चेष्टा पुरे. परत कोणी पडलं म्हणजे?"

 रस्ता एकदा गाळला की दोन वर्षांत गेथिनचं नावही कोणी काढणार नाही, हे इदवालला माहीत होतं. त्याने खोडरबर घेतलं, पेन्सिलीचे सगळे बाण पुसले आणि उलटे काढले.

"तिथून उतरायचंच नाही. चढायचं."

"अरे, भिंत आहे ती! अर्धे जण सायकल ढकलत चालत येतील."

"येऊ देत. गेथिन तरी काय करायचा? प्रत्येक चढावर ढकलायचा, आणि वर मलाच शिव्या द्यायचा."

मावशी हसली, मग तिने डोळे पुसले. इदवालला ना हसू आलं ना रडू. चालत चढायला वेळ लागणार, म्हणून त्याने निघायची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली.