माझा बंब आणि यांची मोटार

माहेरून आलेला माझा आंघोळीचा तांब्याचा बंब आमच्या यांनी मोटारीला लावला, त्या दिवशी मी अबोला धरला.

नगरला लष्कराच्या मोडीतून जीपचं इंजिन आणून यांनी दोन वर्षं अंगणात खपून साहेबाच्या काळातल्यासारखी उघडी मोटार बांधली होती. लांबलचक नाक, चढायला पायरी, डबड्याएवढे दिवे, सगळं झालं. इंजिनाचं पाणी थंड करायची जाळी तेवढी मिळेना, म्हणून नाकावर माझा बंब. मोटार सुरू झाली की त्याच्या झाकणाखालून वाफ निघे. मी चुलीवर पातेल्यात पाणी तापवत ती बघत बसे आणि माझंच डोकं तापे.

शेवटी मी अबोला सोडला तो एवढंच सांगायला, की मोटार विका आणि माझा बंब मला द्या. यांनी पत्र्यावर लिहून दाराला लावलं, ‘जुन्या थाटाची नवी मोटार विकणे आहे’. दुष्काळी कामावर जाणारी माणसं थांबून विचारत, जुनी म्हणावी की नवी? घेत कुणी नसे. बंब काढला तर मोटार चालेना, आणि न चालणारी मोटार घेणार कोण?

घेणारा आला राहुरीकडून. कालव्यावरचा बागाईतदार, मुलाच्या वरातीसाठी मोटार हवी होती. दोन फेऱ्या मारून त्याने पसंती दिली आणि म्हणाला, “इंजिन तेवढं काढून ठिवा. आमच्यात नवरदेव घरच्या बैलांनीच वढत्यात. इंजिन लावलं तर खिल्लाऱ्यांना काय वाटंल?”

इंजिन गेलं की बंब सुटणार होता. हे पाना घेऊन आले आणि बंबाचा पहिला नट सोडू लागले. दोन वर्षांत त्यांचा असा पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. मला भडभडून आलं. रागही आला, तो का कोण जाणे बैलांचा.

“इंजिनाशिवाय मोटार मिळायची नाही,” मी म्हणाले. “बैलांना काय वाटायचं ते वाटू द्या.”

बागाईतदार चहा पिऊन गेला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मोटारीत बसले. भिंगारपर्यंत जाऊन आलो, यांनी बंबाची तोटी सोडली, तर दोघांच्या आंघोळीचं पाणी तयार.

मग तेच चालू झालं. कोमट हवं तर भिंगार, कढत हवं तर सुप्याचा रस्ता. अंगाला ऑइलचा वास येई, पण सवय झाली. शेजारणी विचारत, नटूनथटून रोज कुठं निघता?

मी सांगे, आंघोळीला.