मागची डावी काच

आमच्या घरात माणसांची आंघोळ राहिली तर चालते, गाड्यांची राहत नाही. पांढरी जुनी गाडी, मोटारसायकल आणि माझी स्कूटर, अशा तीन गाड्या आणि तिघींचा एकच सेवक, माझा थोरला भाऊ. दादा वर्कशॉपमध्ये गाड्यांना पॉलिश करतो. आठवडाभर लोकांच्या गाड्या घासल्यावर माणूस रविवारी तरी पाय पसरून पडेल की नाही? हा रविवारी दोन स्वेटर चढवतो आणि खाली गॅरेजात उतरतो.

थंडीत तर विचारूच नका. पाणी कोमटच हवं, कढत चालत नाही, कारण गार काचेवर कढत पाणी पडलं की तडा जातो. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक फडकं खळबळून घ्यायची. सुरुवात छतापासून, चाकं सगळ्यात शेवटी. धुतलेला भाग लगेच कोरडा करायचा. दरवाजांच्या रबराला ग्लिसरीन, म्हणजे ते गारठून चिकटत नाहीत. गार डबीतलं पॉलिश नीट पसरत नाही, म्हणून ती डबी आधी अर्धा तास स्वेटरच्या आत. वहिनी म्हणायची, "मला नाही हो कधी एवढं पोटाशी धरलंत!" आणि दादा लाजून आणखी जोरात घासायला लागायचा.

एरवी गरीब माणूस, पण काचेवर ओघळ दिसला की अंगात यायचं. एकदा माझा तेलकट पंजा बॉनेटवर उठला, तर दोन दिवस घरात चौकशी चालली होती. मी पस्तिशीची बाई, लायब्ररीत शंभर पोरांना गप्प बसवते, पण त्याच्या गाडीत बसताना हात मांडीवर ठेवून बसायचे.

सूट फक्त माऊला होती. माऊ म्हणजे त्याची मुलगी, आठ वर्षांची. काच धूसर झाली की ती बोटाने मांजर काढायची. चित्रकलेच्या वहीवर, माझ्या पावतीपुस्तकावर, भिंतीवर, सगळीकडे तिची सही म्हणजे मांजर. काचेवर काढली तर दादा ओरडायचा नाही. "वाळली की जाते," म्हणायचा. दुसऱ्या कोणी काढली असती तर घराबाहेर काढला असता.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि डोक्यात गेला. मागच्या सीटवर वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून ती हॉस्पिटलात गेली. चौथ्या दिवशी आम्ही तिघं परत आलो.

त्यानंतर घरात तिचं नाव निघणं बंद झालं. ठरवून नव्हे, कोणी आधी काढायचं हेच कोणाला कळेना. दादा गाड्या घासायचा, वहिनी स्वयंपाक करायची आणि मी दोघांच्या मधे बसून बडबड करायचे. मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्माचा दोष. पुढे जे झालं, त्यात तोंड उघडायची खरी वेळ आली तेव्हा मात्र मी आठ दिवस मूग गिळून बसले.

या हिवाळ्यात एका सकाळी माझी स्कूटर काही केल्या सुरू होईना. लायब्ररी उघडायची होती, म्हणून मी गाडी काढली. गॅरेजात अंधार, सगळ्या काचा धुक्याने भरलेल्या. मागे घेताना मागच्या डाव्या काचेतून काही दिसेना, म्हणून पुढच्या सीटवरूनच अंग वळवलं, हात लांब केला आणि न बघता बाहीने काच पुसली. दुपारी घरी आले तर उन्हात त्या काचेवर बाहीचा हा एवढा फराटा! आता दादा बोलणार. दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईने तो तसाच सोडला असता. मी मात्र फळीवरचं त्याचं काचेचं औषध घेतलं, कोरडं फडकं घेतलं आणि काच आतून लख्ख करून ठेवली. फडकं घडी घालून जागच्या जागी ठेवलं. चोरी लपवली म्हणून स्वतःवर खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी गॅरेजातून वर आली ती भिंतीला धरून. "काच कोणी पुसली?" एवढंच विचारलं. तिचा आवाज ऐकून मी उठून बसले.

मग तिने तुटक तुटक सांगितलं, तेव्हा मला सगळं कळलं. माऊने हॉस्पिटलात जाताना त्या काचेवर शेवटची मांजर काढली होती. एका गालाला तीन मिशा आणि दुसऱ्या गालाला एकच, कारण तेवढ्यात हॉस्पिटल आलं. बोटाच्या तेलकटपणाची रेघ काचेवर राहून गेली होती. एरवी दिसायची नाही, पण काच धूसर झाली की उठायची. वहिनीला ती थंडीच्या पहिल्या आठवड्यात सापडली. तेव्हापासून ती रोज पहाटे चहाचा कप घेऊन मागच्या सीटवर बसायची, दारं लावून घ्यायची आणि काचेवर श्वास सोडायची. तिच्या श्वासाने मांजर यायची आणि थोड्या वेळाने जायची. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. सांगितलं की जाईल, असं तिला वाटायचं.

दादा दात घासत होता. तो तसाच खाली धावला, आम्ही दोघी मागोमाग. त्याने काचेवर तोंड नेऊन श्वास सोडला. परत सोडला. वहिनीने स्वयंपाकघरातून उकळती किटली आणली आणि दारातून आत वाफ धरली. त्या वाफेने तिचा हात भाजत होता, तरी ती किटली सोडेना. काच पांढरी झाली. तिच्यावर फडक्याच्या आडव्या रेघा तेवढ्या उठल्या.

दादा त्या रेघांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मीच पुसली. काल."

मी तिथेच उभी होते. वहिनीने किटली जमिनीवर ठेवली. "तुम्हाला काही शिल्लक ठेवता येत नाही ना?" ती म्हणाली. "सगळं घासून टाकायचं. पोरगीसुद्धा." आणि वर निघून गेली.

ती त्याच्याशी बोलायची थांबली. माऊच्या खोलीत झोपायला लागली. भाजलेल्या हाताने स्वयंपाक करायची, त्याचं ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. माझ्याशी मात्र बोलायची. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दादाला वाटेल तसं बोलायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. तेव्हा मला स्वतःची किळस यायची. चौथ्या दिवशी तिने सांगितलं की रविवारी ती भावाकडे जाणार आहे. परत कधी येणार, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

दादा त्या दिवसांत कामावरून आला की थेट गॅरेजात. धुतलेल्या गाड्या परत धुवायचा. पाणी कोमट करायचंही सोडलं होतं त्याने. बोटांना चिरा पडल्या, त्यांत साबण जायचा, तरी घासत राहायचा. शनिवारी संध्याकाळी मी खाली गेले.

"दादा, ती काच मी पुसली."

"माहीत आहे," तो चाक घासत म्हणाला. "मी आतली काच उभी पुसतो, बाहेरची आडवी. म्हणजे ओघळ राहिला तर कुठल्या बाजूचा ते कळतं. आत आडवं पुसणारी तूच."

"मग तू का सांगितलंस की—"

"तिला चित्र दिसत होतं, हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मलाच दिसतं. वर्षभर ती एक काच सोडून सगळी गाडी धूत होतो मी."

मी बादलीशेजारी बसले. याचंही गेलं होतं. याचंही मीच पुसलं होतं, आणि वर हाच शिव्या खात होता.

"मी आत्ता जाऊन तिला सांगते."

"नको." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्याशी ती अशीही मनातलं बोलत नव्हती, वर्षभर. तुझ्याशी बोलते. ते एक माणूस तरी राहू दे तिला."

त्या रात्री मी ठरवलं की गप्प राहायचं. रविवारी सकाळी वहिनी बॅग भरत होती. माझ्या हातून कपड्यांच्या घड्या करून घेत होती आणि मधेच म्हणाली, "तू होतीस म्हणून मी टिकले गं. नाहीतर या माणसाबरोबर..." माझ्या हातात तिचं निळं ब्लाऊज होतं. ते मी खाली ठेवलं.

"वहिनी, काच मी पुसली. दादाने माझ्यासाठी खोटं सांगितलं. त्यालाही मांजर दिसत होती. वर्षभर."

एका दमात सांगून टाकलं. रडले नाही, रडायचा हक्क आपला नाही एवढं कळत होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. मग ती उठली आणि चपला न घालता जिना उतरली.

मी वरच्या पायरीवर उभी राहिले. खालून पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुम्हाला दिसत होती?" वहिनीचा आवाज.

बादली सरकल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "उजव्या गालाला एकच मिशी."

"हॉस्पिटल आलं म्हणून," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, चल, उतर आता. मीच घाई केली हो. मीच घाई केली तिला."

आणि मग माझा भाऊ रडायला लागला. हॉस्पिटलात रडला नव्हता, घरी आल्यावर रडला नव्हता. वहिनी त्याच्या चिरलेल्या हातांबद्दल काहीतरी म्हणत होती, ते मला नीट ऐकू आलं नाही. ते दोघं माऊचं नाव घेत होते. एकदा, दोनदा, मग मोजता येईना.

बॅग दुपारी रिकामी झाली. त्याला आता महिना होऊन गेला. ती दोघं एका ताटात जेवत नाहीत एवढंच, बाकी बोलतात, भांडतात, कधी कधी हसतातसुद्धा. वहिनी माझंही पान वाढते, मीठ कमी पडलं तर पुढे सरकवते. माझ्याकडे बघत मात्र नाही. मी खोलीत आले की तिचं वाक्य अर्धं राहतं आणि दादा खिडकीबाहेर बघतो. मीही आता फारशी बडबड करत नाही.