मामाजींची दुसरी गाडी

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, आयुष्यात एकही निर्णय दुसऱ्याला विचारल्याशिवाय घेतलेला नाही, आणि दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणेही घेतलेला नाही. कोणतं धान लावायचं हे मामाजी अख्ख्या गावाला विचारत आणि शेवटी गेल्या वर्षीचंच लावत. तरुणपणी ते नागपूरला ट्रॅक्टर आणायला गेले आणि दोनच सीटची, बिनछताची, जुनी लाल विलायती स्पोर्ट्स कार घेऊन तिरोड्याजवळच्या आपल्या गावी परतले. ट्रॅक्टरच घ्या असं सगळ्यांनी बजावून सांगितलं होतं, तिथेच चुकलं. गाडी इतकी बुटकी की शेतातल्या वाटेने जाताना लोकांना नुसती मामाजींची टोपी धानावरून सरकताना दिसे. पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर तिच्या हेडलाइटनाही बेगड लागे. घरात सोळा माणसं, पण बाजाराच्या दिवशी मामाजी आणि माझ्या सासूबाई मामीजी दोघेच मासे आणायला म्हणून बोदलकसाच्या तलावावर जात, आणि पुष्कळदा मासे विसरून येत. माझी बायको तेव्हा लहान होती, ती फाटकाशी उभी राहून रडायची. त्याचा राग तिला अजून आहे.

गेल्या वर्षी गिअरबॉक्स गेला. तो कुठेच मिळेना. तेवढ्यात कळलं की रायपूरला तशीच एक हिरवी गाडी विकायची आहे, नंतरच्या सालची. मग रोज सकाळी मला फोन. घ्या म्हटलं की ते न घेण्याची कारणं सांगत, नको म्हटलं की दुपारपर्यंत रुसत. गोंदियाचा मिस्त्री म्हणाला, "दो की एक बन जाएगी, काका." त्याने घोळ आणखी वाढला. मामाजींचं म्हणणं, एका बैलाची जोडी होत नाही म्हणून दुसरी गाडी हवी, पण एका बैलासाठी दुसरा कोण कापतो? मध्येच विषय सीटच्या उंचीवर जाई. मामीजींचे गुडघे दोन वर्षांपासून वाकत नव्हते, गाडीत बसणं सुटलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी माझी ट्यूब पेटली नाही. एकदा वैतागून मी म्हणालो, घ्या, पण घेऊ नका. जावई समजदार आहे असं ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

शेवटी आम्ही तिघं रेल्वेने रायपूरला गेलो. मामाजींनी इंजिन पाहिलंच नाही. त्यांनी मामीजींना आधी सीटवर बसवलं. बसल्या त्या बसल्याच. मी आणि गाडीमालकाने एकेक हात धरून त्यांना ओढून काढलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाजी मात्र हसले नाहीत.

"हे बी तेवढीच खाली हाये," ते म्हणाले.

परतीच्या रेल्वेत माझी ट्यूब पेटली. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी गिअरबॉक्सवर मतं देत होतो.

गेल्या महिन्यात गेलो तर गुरांच्या कोठ्यातली लाल गाडी बिनसीटची. दोन्ही सीट ओसरीत विटांच्या ओट्यावर बसवल्या होत्या, मामीजींना सहज टेकता येईल इतक्या उंच, मध्ये गिअरच्या दांडीपुरती जागा सोडून. दोघं तिथे धानाकडे तोंड करून बसली होती.

"जावईबापू, ते रायपूरवाली अजून विकली नाही म्हणते," मामाजी म्हणाले. "घेऊ का नको?"

"तुम्ही नका सांगू काही," मामीजी मला म्हणाल्या. "त्याह्यले विचारू द्या."

मी बसायला जागा पाहू लागलो. सीट दोनच होत्या. बायको फाटकाशी उभी राहायची तसा मीही थोडा वेळ उभाच राहिलो.