माणूस नसलेली शेतं

हॉस्पिटलमधून लेकीचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. "आई, अण्णा गेले." मी म्हटलं, "सकाळी तर चहा पिऊन तुझ्याबरोबर तपासणीला गेले की!" ... त्याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी राग उतरू दे.

अण्णा म्हणजे लेकीचे सासरे, माझे व्याही. दोघांचेही जोडीदार आधीच गेलेले, म्हणून मुलांनी आम्हाला इथे हॉलंडात, अ‍ॅमस्टेलव्हीनला आणून एका घरात ठेवलं. ते पुण्यात नकाशे काढायच्या नोकरीत होते. मी खटावकडची, चौथी पास, जन्म शेतात गेला. अण्णांना फोटोंचा नाद. एकदा चक्कर येऊन पडले, तेव्हापासून जावयाने त्यांना एकटं सोडणं बंद केलं आणि माझी सोबतीला रवानगी झाली. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, मग कालव्याच्या कडेने चालत शेतांकडे. समुद्र हटवून केलेली ही जमीन, ताटासारखी सपाट. अण्णा एका जागी तासभर उभे राहायचे. कशासाठी? तर शेतातला माणूस जाईपर्यंत. तो माणूस म्हणजे यान, तिथला शेतकरी, माझ्याच वयाचा. आम्हाला बघितलं की ट्रॅक्टरवरून उतरायचा, टोपी नीट करायचा आणि ताठ उभा राहायचा. अण्णा कॅमेरा खाली करून हात हलवायचे. तो कंटाळून निघून गेला की मग फोटो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अहो अण्णा, त्याचंच शेत आणि त्यालाच हाकलता?"

"विहीणबाई, गाय चालेल, बगळा चालेल. माणूस आला की चित्र बिघडतं."

"मग तुम्ही तरी कशाला कडमडता तिथे?"

नुसते हसायचे. पाच वर्षं हसण्यावारीच नेलं.

तेरावं झाल्यावर लेकीला घेऊन यानला सांगायला गेले. त्याने टोपी काढली. मग लेकीला म्हणाला, मुलं शेती करणार नाहीत, हे माझं शेवटचं पीक, पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याची. अण्णांकडे माझा या शेतातला एखादा फोटो असेल, तो मिळेल का? लेक "हो, नक्की" म्हणून बसली. तीन दिवस आम्ही कॉम्प्युटरपुढे. नांगरलेल्या रेघा, ढग, बटाट्याची फुलं, कालव्यातले हंस... यान कुठेच नाही. एका फोटोत ट्रॅक्टर सापडला, त्याचीही बैठक रिकामी. तो जेवायला जाईपर्यंत अण्णा थांबलेले, मला आठवतंय. मी टेबलावर हात आपटला. पण भांडायचं कुणाशी?

शेवटी मीच कॅमेरा घेऊन गेले. पट्टा अण्णांच्या उंचीचा, कॅमेरा पावलागणिक माझ्या पोटावर आपटत होता. बटाटे काढणं चाललं होतं. यान ताठ उभा राहिला, मी बटण दाबलं. जमीन एका बाजूला कलंडलेली आली, यानची टोपी अर्धी कापली गेली. अण्णांनी एकदा, फक्त एकदा मनावर घेतलं असतं तर त्या माणसाला धड फोटो मिळाला असता. तरी त्याने तो स्वयंपाकघरात लावला.

कॅमेरा परत अण्णांच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर. काल लेक म्हणाली, "आई, पट्टा आखूड करून देऊ?"

"काही नको. लोंबू दे."

"मग परत पोटावर आपटतो म्हणून कुरकुर करू नकोस."

पुढच्या आठवड्यात यान बीट काढणार आहे. तो टोपी घालून उभा राहीलच.