खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

‘माझ्याकडे तर चालतंय.’ हे वाक्य मी गेली बारा-तेरा वर्षं ऐकतोय आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. चिंचवडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत वेब डेव्हलपरांचे लॅपटॉप आणि सर्व्हर लावून देणं हे माझं काम. लावून देणं म्हणजे नक्की काय, हे घरी अजून कुणाला कळलेलं नाही. बायको पाहुण्यांना ‘कॉम्प्युटर रिपेअर करतात’ असं सांगते आणि मीही आता तिला अडवायचं सोडून दिलंय.

सोपं आहे खरं तर. डेव्हलपरने आपल्या लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर तसाच चालायला हवा असेल, तर दोन्हीकडे सगळं एकसारखं बसवलेलं लागतं. आमच्या मंडळींना हे काही केल्या पटत नाही. एकाने परस्पर नवीन आवृत्ती टाकलेली असते, दुसऱ्याची जुनी काढायची राहिलेली असते, तिसऱ्याने कुठला तरी व्हिडिओ बघून भलतंच काहीतरी करून ठेवलेलं असतं. मग अडलं, की ‘सर, जरा बघता का?’ मी जातो, बडबडतो, कीबोर्ड स्वतःकडे ओढतो आणि फटाफट टाइप करून चालू करून देतो. काय केलं ते सांगत बसत नाही. माझ्यावाचून यांचं अडतं याचा मला वैताग यायचा, आणि खरं सांगायचं तर ते आवडायचंही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे महाळुंग्याचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. त्यांच्या स्टोअरच्या एका कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत मी लावलेला सर्व्हर होता. तयार माल ट्रकमध्ये चढताना त्याची नोंद करायची आणि खोक्यांवरची लेबलं छापायची, त्याच्या नव्या स्क्रीन आमच्याकडची एक डेव्हलपर बनवत होती. ती लातूरकडची, दोन वर्षं करारावर. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ. या वेळी आमच्या कंपनीच्या साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वरिष्ठांसमोर स्क्रीन नीट चालल्या तर कायम करतो, नाहीतर पुढचा करार नाही. तिचा नवरा कुरुळीच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, तोही कंत्राटीच. घरात एकाची तरी नोकरी पक्की पाहिजे, असं ती डबा खाताना एकदा म्हणाली होती.

तीच मला अधूनमधून म्हणायची, ‘सर, सर्व्हरवर काय काय केलंय ते एकदा लिहून द्या की.’ मी म्हणायचो, ‘मी आहे ना.’

दसऱ्याच्या सकाळी मी दाराला तोरण बांधत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. ‘सर, काहीच दिसंना झालंय. सर्व्हरच लागंना.’ तोरण तसंच टाकून मी गाडी काढली. तळवड्याच्या चौकात सणाच्या दिवशीही ट्रक होतेच, त्यात झेंडूवाल्यांच्या हातगाड्या. अर्ध्या तासाच्या रस्त्याला सव्वा तास लागला.

स्टोअरच्या त्या खोलीचं दार उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. सर्व्हरवर झेंडूचा हार. बटणावर हळदकुंकू. पाठीमागच्या सगळ्या वायरी काढून, पुसून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. स्टोअरचे सुपरवायझर, महाळुंग्यातल्याच एका जुन्या घरातले, निवृत्तीला आलेले, अभिमानाने शेजारी उभे. खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक मशीन बंद करून पुसायचं, पूजा करायची आणि दसऱ्याला नारळ फोडून चालू करायचं, ही तिथली रीत. सर्व्हरला मात्र आजवर कुणी मशीन मानलं नव्हतं, म्हणून तो वाचला होता.

‘कुणी बंद केलं हे?’

‘म्याच केलं साहेब. सोताच्या हातानं पुसलंय.’

‘अहो, कुणाला विचारलंत का?’

‘तुमीच म्हनला व्हता ना मागं, सगळ्या कंपनीत म्होटं मशीन ह्येच हाय म्हनून? मग त्याची पूजा करायची न्हाई व्हय?’

म्हणालो होतो. त्यांनी सर्व्हरवर चहाचा कप ठेवला होता, तेव्हा दम भरताना म्हणालो होतो. मी चडफडत वायरी जोडल्या. तोवर ती डेव्हलपरही आली, नवऱ्याने तिला गेटवर सोडलं. सर्व्हर सुरू झाला, अगदी व्यवस्थित. पण त्यावरचं एकही काम सुरू होईना.

कारण सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला, की त्यावरचे प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावेत अशी सोय करून ठेवायची असते. दहा मिनिटांचं काम. मी तीन वर्षांत ते केलंच नव्हतं. जे जे अडलं ते ते तिथल्या तिथे हाताने चालू केलं होतं. सर्व्हर कधी बंदच झाला नाही, त्यामुळे माझा हा गलथानपणा कधी उघडा पडला नाही. त्या दिवशी मी सुपरवायझरांवर, पूजेवर, वायरींवर खेकसत होतो, आणि प्रत्येक वेळी खेकसून झाल्यावर कळायचं की हेही मीच अर्धवट ठेवलेलं आहे. ती शेजारी बसून एवढंच विचारायची, ‘सर, हे आधी कसं केलं होतं?’ संध्याकाळपर्यंत सगळ्या स्क्रीन आल्या. लेबल तेवढं छापेना. त्यासाठी मी मागे कधीतरी काहीतरी केलं होतं. काय, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी दहा माणसांसमोर तिने सगळं छान दाखवलं. शेवटी लेबल छापायचं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तिने पुन्हा दाबलं. कारखान्याचे वरिष्ठ घड्याळाकडे बघून उठले.

साहेबांनी मला बाहेर विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हणालो, ‘त्या लोकांनी पूजेसाठी सर्व्हर बंद केला होता.’ यात एक शब्दही खोटा नव्हता. पण गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही, हे साहेबांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी कारखान्याला लिहिलं, की डेव्हलपरची तयारी कमी पडली.

तिसऱ्या दिवशी ते सापडलं. मागे मी ते हाताने चालू केलं होतं, पण त्यासाठी एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची राहिली होती. लेबलं धडाधड छापून बाहेर आली. मला इतकी लाज वाटली की मी जेवलो नाही, तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. चूक माझी, तिची नाही, सरळ शब्दांत. मला वाटलं, आता बोलणी बसतील. ती बसली असती तर बरं झालं असतं.

साहेबांनी मला चहा मागवला. म्हणाले, ‘होतं राव असं. एवढ्या सर्व्हरांचं तुम्ही एकटे बघता. मनाला लावून घेऊ नका.’

‘आणि तिचं?’

‘मेल गेलाय आता. कारखान्याने तिचं नाव घेऊन तक्रार केलीय. मागे कसा घेणार?’

मी बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याच दिवशी बोलला असतात तर झालं असतं, सर.’ रागाने नाही, वेळ सांगावी तसं म्हणाली आणि कामाला लागली. शुक्रवारी तिचा करार संपला. सोमवारी तिच्या जागी आलेल्या मुलाचा लॅपटॉप लावून द्यायचं काम माझ्याकडेच आलं.