बंद न पडणाऱ्या मशिनी

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात देखभालीच्या मुख्य म्हणून बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर फळा लावला. कोणत्या फिटरने महिन्यात किती दुरुस्त्या केल्या, ते त्यावर लिहायचं. आम्ही त्यांना मागे ‘फळ्यावाल्या बाई’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

फिटर आम्ही दोघंच. डावीकडच्या मशिनी जाड्याकडे, उजवीकडच्या माझ्याकडे. जाड्याचा आकडा चढत गेला, माझा तळाशी राहिला. सकाळी मशिनींत वाफ सोडायच्या आधी येऊन मी पट्टे ताणून बघायचो, बेअरिंगला वंगण द्यायचो, गाळणीतले धागे काढायचो. त्याला कुणी दुरुस्ती म्हणत नाही. तेवढ्यात वरून, रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडून हुकूम आला, एक फिटर कमी करा. साहेबांनी फळा बघितला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

घरी सांगितलं. बायको माझे कपडे भिजवत होती. म्हणाली, “काम करत नाही म्हणतात? मग हा चिकटा मी रोज कशाचा घासते?”

जाड्याला माझ्याहून जास्त लागलं. “अरे, एखादा पट्टा ढिला कर. बोंब झाली की घट्ट कर. झाली दुरुस्ती!”

“आणि तोवर वॉर्डात चादरी कोण पाठवणार? तुझा सासरा?”

“तो स्वतःची उशी उचलत नाही, चादरी कसल्या पाठवतोय!”

बाई मागेच उभ्या होत्या. हसल्या नाहीत. मला विचारलं, “तुमच्या मशिनी बंद का पडत नाहीत?”

मला तो टोमणा वाटला. म्हटलं, “सकाळी येऊन बघा.”

आल्या. आठवडाभर रोज, माझ्याही आधी. हात काळे केले. एकदा गाळणी उलटी बसवली, मी काही बोलायच्या आत स्वतःच काढून सुलटी केली. मग सगळ्यांसमोर फळा पुसला.

“मी भलतंच मोजत होते. जास्त मोडेल त्याचं जास्त कौतुक!”

नवे रकाने आखले. मशीन किती तास बंद राहिली, तोच बिघाड पुन्हा झाला का, ठरलेली देखभाल वेळेवर झाली का. नोंदवहीतले मागच्या वर्षाचे आकडे त्यात बसवले. माझ्या बाजूचे बंद तास नावापुरते निघाले.

ते आकडे घेऊन बाई साहेबांकडे गेल्या. गंजलेला नट सोडवायला जोर लागतो. आपली चूक वरिष्ठांना स्वतः जाऊन सांगायला त्याहून जास्त लागतो.

परत आल्या त्या सरळ माझ्याकडे. “साहेब सहा महिने थांबतील. बंद तास कमी झाले तर दोघंही राहाल. उद्यापासून जाड्याला बरोबर आणा.”

“इतक्या लवकर? बाई, माझा काय गुन्हा?” जाड्या कुरकुरला. पण आला, आणि येत राहिला. त्याच्या बाजूचे तास उतरले. मशीन बंद पडली की कपडे बाहेर धुवायला पाठवावे लागत, तेही थांबलं. कमी करायचा हुकूम साहेबांनीच मागे घेतला.

जाड्या आणि मी, दोघंही तिथूनच निवृत्त झालो. माझ्या घरातली चूल त्या पगारावर चालली. बाईंचे उपकार मोठे.