ब्रेक बदलला तो दिवस
परवा बायकोच्या वर्षश्राद्धाला कापूर पेटवला आणि त्या वासानं स्कूटरचं शोरूम आठवलं. तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. आमच्या स्कूटरचे ब्रेक कच्चे निघाले म्हणून कंपनीनं सगळ्यांच्या गाड्या परत बोलावल्या होत्या, फुकट बदलून देणार होते. हे कळल्यावर बायकोनं मला गाडीवर बसूच दिलं नाही. एग्मोरच्या शोरूमपर्यंत भर उन्हात आम्ही ती ढकलत नेली. पूल उतरताना ही मागून गाडी ओढून धरायची आणि मलाच ओरडायची, "हळू हो!" नवा ब्रेक बसला तसं हिनं पिशवीतून कापूर आणि लिंबू काढलं. मेकॅनिक हसला, "अम्मा, गाडी जुनीच आहे." "ब्रेक नवा आहे ना? ठेव चाकाखाली." हिनं कापूर पेटवून गाडीला ओवाळला, त्यानं गुपचूप लिंबू ठेवलं, वर म्हणाला, "आधी सर एकटे चालवून बघू देत." तर ही पदर खोचून मागं बसली. "पडले तर एकटेच पडतील होय? चला हो." लिंबू चिरडून गाडी निघाली आणि तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. इतकी भित्री होती. गेल्या वर्षी दवाखान्यात मी तिला म्हटलं, मलाही ने. "नको, तुम्ही घरी जाऊन जेवून घ्या," म्हणाली, आणि एकटीच गेली.